बिगरीतली थोराड पोरगी

मित्रांनो, तीस सालच्या सुमारास तिप्पण्णा हमालानं बाजारातली रिकामी पोती उसवून, जोडून मला शिवलं आणि मंद्रूपजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत आणून टाकलं. मी बिगरीचं तरट. शाळेतली सगळ्यांत लहान पोरं माझ्यावर बसायची. थुंकीनं पाटी पुसायची, झोप आली की तिथंच आडवी व्हायची. मला त्याचा कधी राग आला नाही. राग आला तो एकदाच, आणि तो अजून उतरलेला नाही.

केरा दहाएक वर्षांची असेल. तिची माणसं मेंढरांमागं रानोमाळ हिंडणारी, म्हणून शाळेच्या वयात ती माळावर होती. तिची आई गोजाबाई तिला हाताला धरून घेऊन आली.

"बिगरी लहान पोरांची," महिपती गुरुजी म्हणाले. "हिचं वय उलटलं. वरच्या वर्गात घ्यावं, तर हिला अक्षर येत नाही."

"मंग हिनं बसायचं तरी कुटं?"

गुरुजींनी दोघींना दार दाखवलं.

मी आतल्या आत पेटलं! माझी निम्मी जागा मोकळी पडलेली असायची. वय उलटायला ते काय दूध होतं नासायला?

दुसऱ्या दिवशी पोरं यायच्या आधीच केरा एकटी आली आणि सरळ माझ्यावर बसली.

"ऊठ!" गुरुजी आल्या आल्या ओरडले.

"न्हाय उठत. मला बी शिकायचं हाय."

गुरुजींनी माझं टोक धरून असा हिसका दिला, की माझी शिवण उसवली. केरा जमिनीवर आपटली. रडली नाही, उठलीही नाही.

तेवढ्यात पोरं आली. मी गुरुजींच्या हातात, म्हणून ती केराभोवतीच मातीत बसली. त्यातला सगळ्यांत लहान येडू तर तिच्या मांडीवर चढला आणि म्हणाला, "गुरुजी, हिला बी अ शिकवा की!"

गुरुजींची मान खाली गेली. त्यांनी मला अंथरलं, आणि केराला हाताला धरून माझ्यावर बसवलं. त्याच दिवशी तिचं नाव बिगरीत लागलं.

आता मी जीर्ण झालंय, दारात पाय पुसायला पडलंय. माझं असू द्या. पण मित्रांनो, वर्गात एखादं थोराड मूल उशिरा आलं, तर फिदीफिदी हसू नका. त्याला वय विचारू नका. थोडं सरकून बसा.