अंतऱ्यात कुणी नाचत नाही

पूर ओसरल्यावर आंब्याच्या फांद्यांत कॅसेटची तपकिरी फीत अडकलेली दिसली. साळुंक्या ती ओढून घरट्याला नेत होत्या.

साखर गिरणीचा भोंगा काळी पाचमध्ये वाजतो, असं दयावती म्हणायची. कुणी पेटी आणून ताडून पाहिलं नाही.

छातीभर पाण्यातून एक म्हातारा चालला आहे. डोक्यावर शिवणयंत्र.

अंतऱ्यात कुणी नाचत नाही. हे अव्हनीलला कुणी शिकवलं नव्हतं. लग्नाच्या मांडवात दोनदा फजिती झाली, तेव्हा कळलं.

"डीजे अव्हनील, लंबासा टाउन." बाईचा आवाज ओळीच्या टोकाला पोचतो न पोचतो, तोच हा पुकारा.

लंबासात, बेटावरच्या या ऊसगावात, बसला आधी गाणी लागतात, मग डिझेल. ज्या बसची गाणी जुनी, तिच्यात बसायला पोरं तयार नसतात; म्हणून चालक अव्हनीलकडून पेनड्राइव्ह भरून नेतात. आजीच्या काळातलं सिनेमाचं गाणं, खाली धडधडता ठेका, आणि मधून मधून त्याचं नाव. नाव घातलं नाही तर राजधानीतल्या, सुवाच्या डीजेंनी ते आपलं म्हणून वाजवलंच म्हणून समजा.

त्यातलं सगळ्यात चाललेलं गाणं होतं नावाड्याचं. ते मूळ गायिकेच्या आवाजात नव्हतंच. ते अव्हनीलच्या आईनं, दयावतीनं, लग्नाआधी रामलीलेच्या मैदानावर स्पर्धेत गायलं होतं. कुणीतरी कॅसेट भरली होती. तिचा आवाज साठवलेली तेवढी एकच वस्तू घरात होती. अव्हनीलनं मुखडा उचलला, नाचाच्या वेगाला आणला, चार वेळा जोडला.

पहिल्यांदा ऐकून दयावती खळखळून हसली होती. "अरे, मला एवढी घाई कसली रे? नाव बुडतेय का?"

ऑगस्टमध्ये, ऊस गाळपाच्या ऐन दिवसांत, ती गेली.

अव्हनीलनं मुंडण केलं. तेरावं होईपर्यंत घरात गाणं-बजावणं बंद. सेमीची बस दिवसातून सहा वेळा दारावरून जायची. सेमी काईविती, बेटावरचा मूळ रहिवासी, पण या गिरमिटियांच्या गल्लीतच वाढलेला. आंब्याच्या वळणावर आला की हात पुढे करून आवाज बंद करायचा. बसमधली माणसंही बोलणं थांबवायची. चौथ्या दिवशी अव्हनीलचा बाप शिउनाथ रस्त्यात आडवा उभा राहिला.

सेमीनं ब्रेक मारला. "काका, मरायचंय का?"

"गाणं का बंद करतोस?"

"तुमच्या घरात सुतक आहे. मला काय अक्कल नाही?"

"अक्कल आहे तर चालू कर."

सेमीनं मागच्या माणसांकडे पाहिलं, मग बटणाकडे. "चढा वर. पण रडलात तर उतरवीन. मला बस चालवायची असते."

शिउनाथ गिरणीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. खिडकीशी बसून ऐकत राहिला. संध्याकाळी घरी आला तेव्हा अव्हनील तान्होआच्या लाकडी परातीजवळ एकटाच नगोना, मुळीचं मातकट पेय, पीत बसला होता.

"मुखडा पुरे झाला," शिउनाथ म्हणाला. "आता अंतरा लाव. ती तिथं खरी गायची."

अव्हनीलनं करवंटीचा बिलो खाली ठेवला. "अंतरा नाही, बाबा."

"नाही म्हणजे? पूर आला तेव्हा मी कॅसेट कपाटात सोडली आणि यंत्र डोक्यावर घेतलं. का सोडली? तू म्हणाला होतास, गाणं कॉम्प्युटरमध्ये गेलंय, आता काळजी नको."

"गेलंय म्हणालो. सगळं गेलंय असं नव्हतो म्हणालो."

"मी अडाणी. मला गाणं म्हणजे सगळं गाणं वाटलं."

अव्हनील उठून खोलीत गेला. मूळ तुकडा त्यानं जपून ठेवला नव्हता, म्हणून पुढचे चार दिवस आपण केलेलं सगळं उलगडून पाहिलं. ठेका काढला, वेग उतरवला, आवाज खाली आणला. आपलं नाव मात्र निघेना. ते आईच्या शेवटच्या अक्षरावर चढून बसलं होतं, ओरबाडलं की अक्षरही निघून यायचं. शेवटी जे उरलं ते त्यानं बापाला ऐकवलं. विहिरीच्या तळातून कुणी बाई बोलावी तसं.

"ही कोण?" शिउनाथनं विचारलं.

"आईच."

"दम कुठं घेते ही?"

अव्हनीलनं आवाज थोडा वाढवला.

"तुझी आई 'नाव'च्या आधी दम घ्यायची. ऐकू यायचा. सगळं मैदान तिच्याबरोबर थांबायचं. तो कुठाय?"

"काढला. दम राहिला की तालात खड्डा पडतो, बाबा. सगळेच काढतात."

शिउनाथनं मान हलवली, जणू दुकानात माल संपल्याचं कुणी सांगितलं. "बरं," म्हणाला आणि गाईला चारा घालायला गेला.

तेराव्याला मांडवात पुरी, भोपळ्याची भाजी, कसावा. नातेवाईक जेवत होते. दुपारी सेमीची बस दाराशी थांबली. सुतक फिटलं होतं. त्यानं इंजिन बंद केलं, गाणं लावलं आणि टोपी मांडीवर ठेवली.

ठेक्यानं खिडक्यांच्या काचा थरथरल्या. एका लहान मुलीनं पाय हलवायला सुरुवात केली, तिच्या आईनं गुडघा दाबला. शिउनाथ बसच्या दारातल्या स्पीकरला तळहात लावून उभा होता. दयावती घाईघाईनं नावाड्याला हाक मारत होती. 'नाव'च्या आधी, जिथं आता काहीच नव्हतं, तिथं शिउनाथनं दम घेतला. दर वेळी. चार वेळा. त्याचा दम पुरा व्हायच्या आत ती पुढे निघून जायची.

"डीजे अव्हनील, लंबासा टाउन."

मुंडण केलेला अव्हनील पत्रावळी गोळा करत होता. स्वतःचं नाव ऐकून त्यानं वर पाहिलं नाही.

"अजून एकदा लावू, काका?" सेमीनं विचारलं.

"नको. तुला उशीर होईल."

बस वळणावरून गेली. आवाज चालूच होता, या वेळी कुणी बंद केला नाही.

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूलाही दयावतीच गायली होती. ती बाजू घरात कधी कुणी लावली नव्हती.