वादळाची बैठक

हे गेले, त्याच्या पुढच्या वर्षी मी चित्रं काढायला लागले. तोवर समोरची वस्तू बघून मी कधी रेघ ओढली नव्हती. तसं उभं आयुष्य रेघा ओढण्यातच गेलं म्हणा. पाणीपुरवठा खात्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी ट्रेसर होते. इंजिनियरांनी पेन्सिलीने काढलेला नकाशा खाली पसरायचा, त्यावर ट्रेसिंग पेपर ताणून बसवायचा आणि त्यांचीच रेघ शाईने वर ओढायची. चुकली तर ब्लेडच्या टोकाने हलकेच खरवडायची. ऑफिसात माझ्या रेघेला मान होता, पण ती रेघ दुसऱ्याची होती.

निवृत्त झाले तेव्हा घरात एकटीच उरले होते. लेक दुसऱ्या गावी शाळेत नोकरीला. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा.

"आई, दिवसभर करतेस काय?"

"भिंतींशी बोलते."

"बोलतेस तर त्यांची चित्रं तरी काढ. घरात एवढ्या पेन्सिली पडल्यात."

ती चेष्टेने बोलली, मी मनावर घेतलं. आधी भिंती काढल्या, मग खिडकी, मग खिडकीतून दिसणारी गल्ली. तेवढ्याने भागेना, तेव्हा घडीची खुर्ची उचलली आणि थेट कोपऱ्यावर जाऊन बसले.

कोपऱ्यावरच्या लोकांना आयतीच करमणूक झाली. पाव भाजणारी बाई भट्टी तशीच टाकून बघायला यायची. न्हावी तर गिऱ्हाइकाच्या गालावर फेस ठेवून यायचा. माझा कागद तिरका करून बघायचा आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारायचा, "बाई, यात पाण्याची लाइन कुठून जाते?"

त्याचं काही चुकत नव्हतं. माझी गल्ली नकाशात असते तशी सरळसोट होती. खिडक्या एका मापाच्या, माणसं विजेच्या खांबासारखी ताठ. एकदा मी खुद्द न्हाव्यालाच काढलं आणि दाखवलं, तर म्हणाला, "हा मी होय? मला वाटलं, टाकी."

पण बसून बसून हात सैल होत गेला. पाववाली जड ट्रे उचलताना एका बाजूला झुकायची, एक पाय किंचित मागे टाकायची. एका सकाळी ती झुकलेली कंबर कागदावर अशी सरकन उतरली की माझी मीच चकित झाले. त्या दिवशी न्हाव्याने कागद तिरका केला नाही. बराच वेळ बघत राहिला, मग गिऱ्हाइकाने हाक मारली म्हणून गेला.

एका रविवारी दुपारी मी खुर्ची घेऊन कोपऱ्यावर न थांबता आडगल्लीत शिरले आणि शिंप्याच्या दुकानासमोर बसले. उगाचच, असं मी मनाशी म्हटलं. पण उगाच नव्हतं ते. लग्न झाल्यापासून दर रविवारी जेवण झालं की हे क्लॅरिनेटची पेटी काखोटीला मारून या दुकानात यायचे. शिंपी अकॉर्डियन वाजवायचा, नाक्यावरचा घड्याळजी ड्रम, आणि हे क्लॅरिनेट. संध्याकाळी दिवेलागणीला परत. त्या सगळ्या वर्षांत मी एकदाही इथे आले नव्हते. रविवारी मी माझ्या आईकडे जायची. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, अंथरुणाला खिळलेली. आई गेली तरी रविवारची ती वाटणी तशीच राहिली. ह्यांनी कधी चला म्हटलं नाही, मीही कधी येते म्हटलं नाही. त्यात राग-रुसवा काही नव्हता. काही घरांत काही गोष्टी तशाच चालत राहतात.

आणि घरी ह्यांनी कधी वाजवलंच नाही. पहिल्या घरात खाली घरमालक राहायचे, त्यांना आवाज खपायचा नाही. पुढे सासरे आजारी पडले. नंतर लेकीच्या परीक्षा. घर शांत ठेवायचं हे सगळ्यांच्याच अंगवळणी पडून गेलं. शनिवारी संध्याकाळी तेवढी ती पेटी उघडायची. काळे तुकडे एकेक करून पुसायचे, जोडायचे, रीडची पातळ पट्टी ओठात धरून ओली करायचे, आणि फुंकर न घालता परत सगळं सोडवून ठेवायचे. मी तोवर भाजी निवडत बसलेली.

तर त्या दुपारी शटर अर्धं खाली होतं आणि आतून वाजवण्याचा आवाज येत होता. मी कागदावर शटर काढलं, दुकानाची पाटी काढली, दाराशी काढून ठेवलेल्या चपला काढल्या. तेवढ्यात शटरखालून वाकून घड्याळजी बाहेर आला. किडकिडीत माणूस, सतत एक डोळा बारीक केलेला. मला बघून तो क्षणभर थबकला.

"वहिनी, तुम्ही? आणि बाहेर का बसलात? आत या. दुकान आपलंच आहे."

"आपलंच कसलं, माझं आहे," आतून शिंपी म्हणाला. "पण या."

आत कापडाचा आणि इस्त्रीचा वास होता. कापायच्या लांब टेबलावर चिंध्यांचा ढीग, भिंतीला अर्धवट शिवलेले कोट. दोन खुर्च्या त्या दोघांच्या. तिसरी खुर्ची त्यांच्या मध्ये, थोडी मागे, रिकामी. घड्याळजीने तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि मला शिलाई मशीनपाशी स्टूल दिलं.

"चालू दे तुमचं. मी कोपऱ्यात बसून काढते," मी म्हटलं.

त्यांनी सुरू केलं. शिंपी जाडजूड, पण अकॉर्डियनवर त्याची बोटं उंदरासारखी पळायची. मी घाईघाईने काढू लागले. आणि मध्येच अकॉर्डियन थांबलं. घड्याळजी ड्रमवर नुसता बारीक ठेका धरून राहिला. शिंपी मान खाली घालून गप्प. मला वाटलं, विसरला. थोड्या वेळाने दोघांनी एकमेकांकडे बघितलं, मान हलवली आणि जिथून पुढे जायचं तिथून अकॉर्डियन पुन्हा सुरू झालं.

वाजवून झाल्यावर मी विचारलं, "मध्ये काय झालं?"

"काही नाही. ती जागा त्याची," शिंपी म्हणाला.

"तिथे मी काहीतरी भरत होतो आधी," घड्याळजी म्हणाला. "शीळ वगैरे. हा मला मारायला उठला."

"उठणारच. वादळाच्या जागी शीळ?"

"कोण वादळ?" मी विचारलं.

शिंप्याने घड्याळजीकडे बोट केलं. मग घड्याळजी जरा ओशाळून म्हणाला, "अहो, आम्ही साहेबांना वादळ म्हणायचो."

मला हसूच फुटलं. घरात ह्यांच्या असण्याने पान हलायचं नाही. शेजारच्या काकू म्हणायच्या, तुमचे मिस्टर घरी आहेत की नाहीत तेच कळत नाही. हे पोस्टात होते, तिथे सुद्धा ह्यांचं टपाल वर्गीकरणाचं टेबल म्हणजे समाधी, असं त्यांचे सहकारी सांगायचे. आणि इथे वादळ.

मग ते दोघे सांगत सुटले. हे तालावरून हमरीतुमरीवर यायचे म्हणे. शिंप्याने घाई केली तर खुर्ची मागे ढकलून उठायचे, 'गाडी पकडायचीय का?' म्हणायचे. हसले तर पोट धरून, खोकला लागेपर्यंत. एकदा वाजवता वाजवता त्या कापायच्या टेबलावरच चढले, खाली एका गिऱ्हाइकाचा कोट अंथरलेला.

"बुटासकट," शिंपी म्हणाला. "कोट मला दुसरा शिवून द्यावा लागला."

मी ऐकत होते, हसतही होते, पण घरी येताना डोळ्यांसमोर तेच टेबल होतं. इतकी वर्षं ज्यांच्यासमोर ताट मांडलं, त्यांना टेबलावर चढलेलं मी कधी बघितलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला त्या दोघांचा हेवा वाटला.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले आणि ठरवून त्या रिकाम्या खुर्चीवर ह्यांना काढायला घेतलं. मनाने. पुढचेही काही रविवार तेच. चेहरा हुबेहूब यायचा, चष्मा, कानाजवळचे पांढरे केस, सगळं. शेवटी धीर करून शिंप्यापुढे कागद धरला. त्याने तो हातभर लांब धरून बघितला.

"छान आहे. पण हे पोस्टातले साहेब आहेत, वहिनी. हा आमचा नाही."

मी कागद घडी करून पर्समध्ये घातला. घरी येऊन बघितलं तर त्याचं म्हणणं खरं होतं. मी पेपर वाचणारा माणूस काढला होता आणि त्याच्या हातात क्लॅरिनेट दिलं होतं. त्यानंतर काही रविवार मी तिकडे फिरकले नाही. गुडघ्याचं निमित्त होतंच.

एका रविवारी दारावर थाप पडली. घड्याळजी. मान खाली घालून उभा.

"त्याला बोलायची पोच नाही," तो म्हणाला. "मापं घेऊन घेऊन माणसाच्या मनाचंही माप घेतो. चला तुम्ही."

"अहो, पण तो खरं बोलला. मला ते तसे माहीतच नाहीत, तर काढू कुठून?"

घड्याळजीने एक डोळा बारीक केला. "मी दाखवतो ना."

दुकानात गेल्यावर त्याने टेबलावरची लाकडी मोजपट्टी उचलली आणि तो सरळ त्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसला. मला वाटलं, शिंपी आता ओरडणार. तो ओरडला नाही. अकॉर्डियन मांडीवर तसंच धरून बसला. घड्याळजीने पट्टी ओठांशी नेली, बोटं मांडली.

"असा बसायचा."

"छे," शिंपी म्हणाला. "डावा खांदा खाली. अजून खाली. असा ताठ बसायला तो काय बँकेत आलाय?"

"बरं. आता?"

"मान उजवीकडे. डोळे मीट. मिटलेस तरी कपाळावर आठ्या पाहिजेत. कुणाशी भांडायला निघालाय असा."

"मला भांडता येत नाही रे."

"माझ्याशी तर रोज भांडतोस."

शिंप्याने मग वाजवायला सुरुवात केली. ती रिकामी जागा आली. अकॉर्डियन थांबलं. घड्याळजीची बोटं पट्टीवर भराभर फिरू लागली. आवाज काहीच नाही, लाकडावर बोटांची टकटक तेवढी. आणि त्याची उजवी टाच जमिनीवरून उचलली गेली, हवेत थरथरत राहिली, खाली टेकेचना.

ती टाच मी ओळखली.

रोज सकाळी जेवणाच्या टेबलाशी पेपर वाचताना ह्यांची टाच अशीच उचललेली असायची. टेबल हलायचं, चहा बशीत सांडायचा. मी नुसतं "अहो, पाय" म्हणायची आणि पाय थांबायचा. जरा वेळाने पेपरच्या कडेवर बोटं हलायला लागायची. मला वाटायचं, स्वभाव चुळबुळ्या आहे, बोलत नाही ते असं बाहेर पडतं. म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच स्वयंपाकघरात, रोज सकाळी हे वाजवत होते. फक्त फुंकर घालत नव्हते.

मी कागद ओढला आणि काढत सुटले. घड्याळजीचा खांदा, घड्याळजीचं बोट, घड्याळजीचा गुडघा, पण ती सगळी बैठक ह्यांची. खरवडायला ब्लेड नव्हतं, खोडायला वेळ नव्हता. चेहरा मी काढलाच नाही, तिथे पोचायच्या आतच शिंपी पुढच्या सुरांवर आला.

घड्याळजीने डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. त्याने पट्टी टेबलावर ठेवली आणि उगाचच ड्रमचा पट्टा घट्ट करत बसला. शिंप्याने कागद घेतला, या वेळी हातभर लांब न धरता जवळ धरला.

"हं," तो म्हणाला. मग कागद परत देताना, "कोटाचे पैसे अजून दिले नाहीस, म्हणावं."

त्यानंतर मी दर रविवारी जात राहिले. थर्मासमध्ये चहा न्यायची, स्टुलावर बसायची. त्या दोघांची किती चित्रं काढली त्याला गणती नाही. ती जागा त्यांनी कधी भरली नाही. रस्त्यावरून जाणारी माणसं थबकायची, बिचारे विसरले असं समजून पुढे जायची. न्हावी तर अजून म्हणतो, त्या दोघांना एक गाणं धड पाठ नव्हतं. त्याला मी काही सांगत नाही.

क्लॅरिनेट मी लेकीच्या शाळेला दिलं, तिथे नवीन बँड उभा राहत होता. पुढे शिंप्याचे डोळे गेले. सुईत दोरा ओवता येईना तेव्हा मुलाने त्याला आपल्याकडे नेलं. जाताना अकॉर्डियन घेऊन गेला. घड्याळजी महिन्यातून एकदा बस पकडून त्याच्याकडे जातो, ड्रम मांडीवर घेऊन. परत आला की मला सांगतो, "अजून घाई करतो. गाडी पकडायचीय." दुकानात आता मोबाइल दुरुस्त करतात. शटर तेच आहे, निळ्या रंगाखाली जुना हिरवा दिसतो. मी ते दोनदा काढलं, जमलं नाही. पाववालीची सून आता भट्टी बघते, ती सासूसारखी झुकत नाही, ट्रे सरळ डोक्यावर घेते. ते मात्र झकास आलंय.

ह्यांचं ते बिनचेहऱ्याचं चित्र लेक सुट्टीला आली होती तेव्हा तिला सापडलं. ती ते घेऊन खिडकीपाशी गेली. मी स्वयंपाकघरातून बघत होते.

"आई, हे बाबा आहेत ना?"

"कशावरून ओळखलंस? तोंड कुठे आहे त्याला?"

"असंच," ती म्हणाली. "पण बाबा असे कधी बसायचे?"

"रविवारी," मी म्हटलं. आणि हात पुसून तिला सगळं पहिल्यापासून सांगायला बसले.