अनामत, परत करणे बाकी

आमच्या घरात कॉम्प्युटरचं कळणारं एकच माणूस आहे आणि ते म्हणजे मी, असा शोध सगळ्यांना एका संध्याकाळी एकदम लागला. मी औषधांच्या दुकानात बिलं काढते. बिलं काढते म्हणजे हिला हिशेबाचं सॉफ्टवेअर येणारच, असं माझ्या नवऱ्याने परस्पर जाहीर करून टाकलं. त्याला स्वतःला वेळ नव्हता. तो उद्योजक आहे. सध्या कसला उद्योग चालू आहे, हे मात्र विचारायचं नसतं.

शिकवायचं होतं माझ्या सासऱ्यांना. अप्पा एका छोट्याशा संस्थेचे खजिनदार. संस्था आजारी माणसांसाठी चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर वापरायला देते. नेताना अनामत ठेवायची, वस्तू परत आणली की अनामत परत. वर्षानुवर्षं हे सगळं अप्पांच्या वहीत सुखाने चाललं होतं. मग कार्यकारिणीत दातांचे एक डॉक्टर आले, आणि सुरळीत चाललेलं जे जे म्हणून होतं ते त्यांना खुपायला लागलं. ठराव झाला की रविवारच्या सभेत खजिनदारांनी स्वतः सॉफ्टवेअर चालवून दाखवायचं. नाही जमलं तर खजिनदारकी डॉक्टरांकडे. डॉक्टर अगदी नाइलाजाने, पण आधीपासूनच तयार होते.

"जाऊ द्या ना अप्पा, या वयात कशाला डोक्याला ताप?" नवरा म्हणाला.

"रोज सकाळी दाढी करून शर्ट घालतो तो त्या ऑफिसात जायचं असतं म्हणून," अप्पा म्हणाले. "ते गेलं तर मी शर्ट घालून कुठे जाऊ?"

यावर नवऱ्याने मोबाइल काढला आणि मी मुकाट्याने लॅपटॉप उघडला.

सॉफ्टवेअर फुकट होतं, त्यामुळे चौकशा भरपूर करत होतं. व्यक्ती की संस्था? आर्थिक वर्ष कधी सुरू होतं? आरंभीची शिल्लक किती? अप्पा प्रत्येक प्रश्नाला सावरून बसत आणि मोठ्याने उत्तर देत. "अप्पा, त्याला ऐकू येत नाही, टाइप करा," असं मी रोज सांगायची. मग ते एक बोट वर धरून अक्षर शोधायला निघत. ते सापडेपर्यंत माझा चहा करून, पिऊन, कप विसळून झालेला असे.

संस्थेच्या आकड्यांशी खेळ नको, म्हणून आधी घरच्या हिशेबावर सराव करायचं ठरलं. घरखर्च अप्पाच बघतात. माझा पगार झाला की तो मी त्यांच्या हातात ठेवते. लग्न होऊन आले तेव्हा आमच्याकडे अशीच पद्धत आहे, असं सासूबाईंनी सांगितलं होतं. ही पद्धत नवऱ्याला लागू नाही, कारण त्यासाठी आधी पगार लागतो.

आणि इथेच घोडं अडलं. आलेले पैसे सॉफ्टवेअर नुसते जमा करून घेईना. कसले पैसे ते यादीतून निवडा म्हणे: देणगी, वर्गणी, विक्री, अनामत. आता तुमचं तुम्ही बघा, असं सांगून मी स्वयंपाकाला लागले.

दुसऱ्या दिवशी दुकानातून येऊन बघते तर माझे सगळे पगार एकाखाली एक शिस्तीत उभे. प्रत्येकापुढे लिहिलेलं, "सूनबाई, अनामत." खाली सॉफ्टवेअरने आपणहून बेरीज मारून लाल अक्षरांत टाकलं होतं, "परत करणे बाकी." त्याच्याही खाली आणखी एक नोंद होती, "चिरंजीव, उसने. येणे बाकी."

मला हसू आवरेना. "अप्पा, पगार कधी अनामत असतो का? देणगी टाका."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "देणगी माणूस आपखुशीने देतो. तुला कुणी विचारलं होतं?"

माझं हसू जागच्या जागी थांबलं. इतक्या वर्षांत हे मला कुणी म्हणालं नव्हतं, आणि मीही स्वतःला म्हणू दिलं नव्हतं. घरचंच आहे, कोण बघतंय, राहू द्या, असं म्हणून मी विषय बदलला आणि आम्ही संस्थेच्या हिशेबाला लागलो. शनिवारपर्यंत तो चोख झाला.

रविवारी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून सभेत बसले. प्रोजेक्टर जोडायला नवरा आला होता. दुसऱ्याची वायर दुसऱ्याच्या भोकात घालताना तो फार कर्तबगार दिसतो. अप्पांनी बटण दाबलं, आणि भिंतीवर संस्थेच्या जागी आमचं घर उघडलं. सूनबाई, अनामत. परत करणे बाकी. चिरंजीव, उसने. येणे बाकी. नवऱ्याला अचानक वायरमध्ये बिघाड दिसला आणि तो टेबलाखाली गेला.

"सुनेचा पगार अनामत?" डॉक्टर सगळ्यांकडे बघून हसले. "उत्पन्न कशाला म्हणायचं आणि अनामत कशाला, हे ज्यांना कळत नाही, त्यांच्या हाती आपण लोकांच्या अनामती देतो."

अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना अप्पांची दया आली. "अप्पा, नजरचुकीने झालंय म्हणा आणि इथल्या इथे बदला. बदलता आलं म्हणजे सॉफ्टवेअर जमलं, असं मी लिहिते. विषय संपला."

मी मागून हातवारे करत होते. एक बटण, अप्पा, एकच बटण. त्यांनी बाण बरोबर माझ्या नावापुढे नेला. यादी उघडली. इतक्या सफाईने त्यांना एकदाही जमलं नव्हतं. मग त्यांनी माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

"चूक नाही ती," ते म्हणाले. "परत द्यायचेत."

"अहो, ती तुमची सून आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"हो ना. म्हणून तर इतके दिवस कुठे लिहिलं नव्हतं."

डॉक्टरांच्या बाजूने हात वर झाले. डॉक्टरांनी जड अंतःकरणाने आणि आधीच लिहून आणलेल्या भाषणासह जबाबदारी स्वीकारली. अप्पांनी ऑफिसच्या किल्ल्या त्यांच्यापुढे ठेवल्या आणि कुठलं कुलूप अडतं तेही सांगितलं.

नवरा प्रोजेक्टर परत करायला म्हणून सटकला. आम्ही दोघं चालत निघालो. मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मी भांडते. "काय मिळवलंत, अप्पा? एक बटण दाबलं असतंत तर सगळं राहिलं असतं. आता बसा घरात. कुणी सांगितलं होतं माझ्यासाठी एवढं ताणायला?"

ते बोटांवर काहीतरी मोजत चालले होते. मग म्हणाले, "माझं पेन्शन एक तारखेला येतं. तेव्हापासून हप्ता सुरू केला तर चालेल का? एकदम नाही जमायचं."

नको, कशाला, असं सगळं तोंडापर्यंत आलं होतं. ते मी गिळलं आणि म्हणाले, "चालेल."