धोंड्याच्या जेवणाला निघालेली कार

धोंड्याच्या महिन्यात तीर्थपुरीच्या सासऱ्यानं दोन्ही जावयांना एकाच दुपारी जेवायला बोलावलं, त्यात भुजंगचा फायदा सरळ होता. थोरला साडू तातेराव भोकरदनहून फटफटीवर येणार आणि हा बदनापूरहून स्वतःच्या कारमधून. कार तिसऱ्या हाताची. पण सासरच्या अंगणात असले हात कोण मोजतो? दरवेळी तातेरावला मिळणारा पहिला पाट यंदा आपल्याला, आणि वर त्याचं उतरलेलं तोंड, ते व्याजात.

अंबड ओलांडलं आणि गाडी बंद पडली. ऊन मे महिन्याचं. भुजंगनं जुन्या जीपवरचा इलाज केला, इंजिनावर ओलं फडकं टाकलं. अर्ध्या तासानं गाडी सुरू झाली.

"बघितलं?" तो शेजारी बसलेल्या बायकोला, बेबीनंदाला म्हणाला.

पुढच्या फाट्यावर पुन्हा बंद. तिथल्या मल्हारी मिस्त्रीनं निवांत प्लग बदलले. गाडी सुरू झाली. खात्रीसाठी भुजंगनं त्याला सोबत घेतलं, म्हणून तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा तिघंही उन्हात होते.

"प्लग नवे हैत," मल्हारी बॉनेटला सांगू लागला.

"मंग माझं फडकंच बराबर होतं," भुजंग.

बेबीनंदा पदरानं वारा घेत होती. "फडक्याला अर्धा तास, प्लगाला अर्धा तास. थंड झाली की आपली आपण चालू होऊन राह्यली ती. तुमचं दोघायचं काय लागलं त्याला?"

भुजंगला स्टार्टर मारायला लावून मल्हारीनं आरपीएमचा काटा पाहिला. इंजिन फिरत होतं, काटा जागचा हलत नव्हता. त्यानं हात खाली घालून एका काळ्या तुकड्यावर बाटलीतलं पाणी ओतलं. गाडी लगेच सुरू.

"क्रँक सेन्सर. तापला की झोपतो. मंग इंजिन फिरून राह्यलं हे कॉम्प्युटरला कळत न्हाई अन् ठिणगी पडत न्हाई."

"पाणी टाकत टाकत जाऊ."

"तुम्ही बसता का बॉनेटवर?"

सेन्सर जालन्यातच मिळणार होता. बेबीनंदानं तातेरावचा नंबर लावून मोबाईल भुजंगपुढं केला. तातेराव तेव्हा जालन्यातच पोचला होता.

"भाऊ, एक सेन्सर आणायचा व्हता..."

"कार घेतली म्हने तुम्ही?"

"घेतली ना."

"मंग थांबा तिच्यापाशी. येतो."

तो आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मल्हारीनं एक बोल्ट काढला, चिकटलेला सेन्सर पिळून उपसला, बसायची जागा पुसली, नवा लावून त्याची पिन खटकन बसवली. स्टार्टर मारताच काटा उठला. इंजिन तापलेलं असूनही गाडी चालू. इतका वेळ झगडलेल्या भुजंगला आता शेखी मिरवायलाही जागा उरली नाही.

तातेराव डोक्याचा रुमाल सोडत म्हणाला, "उन्हानं टाळू भाजली, बुवा. मी जरा एसीत बसतो. गाडी चालवता येते मला. तुम्ही फटफटी आना."

नाही कोणत्या तोंडानं म्हणायचं?

सासऱ्याच्या अंगणात कारमधून तातेराव उतरला. पहिला पाट त्याला, पहिलं औक्षणही त्याचंच; अंगणातली पोरं कारभोवती गोळा झाली, तीही 'तातेराव दाजीची गाडी' म्हणत. भुजंग धुळीनं माखून पोचला तेव्हा पुरणाचे धोंडे गार झाले होते.

सेन्सर, मजुरी, चांगले असताना बदललेले प्लग, सगळं भुजंगच्या खिशातून गेलं. फटफटीतलं पेट्रोलही वाटेत संपलं होतं. तेही त्यानंच भरलं, टाकी फुल.