गुरुवारची सुट्टी

सांदाची आई दातांची डॉक्टर नव्हती. ती पादोव्हात एका एक्क्याण्णव वर्षांच्या म्हातारीला उठवायची, न्हाऊ घालायची, भरवायची आणि झोपवायची. अकरा वर्षं हेच चाललं होतं. मोल्दोवातल्या आमच्या निम्म्या गावांतल्या बायका इटलीत हेच करतात आणि त्यांची पोरं घरी मावश्यांकडे मोठी होतात. यात लपवण्यासारखं काही नाही हे सांदालाही ठाऊक होतं. तरीही तिने लपवलं.

झालं असं, की कॉलेजचं दुसरं वर्ष संपल्यावर जूनमध्ये सांदा उन्हाळ्याच्या कामासाठी इटलीत आली. समुद्राकाठच्या एका कॅम्पमध्ये लाकडी खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, पाहुण्यांनी वाळूने भरून ठेवलेल्या मोऱ्या घासायच्या, आणि सुट्टीच्या दिवशी देश बघायचा. तिच्या खोलीत मिलानची लुदोविका होती. शेजारच्या खोलीत पोलंडचा कायेतान. पहिल्याच रात्री गप्पा निघाल्या. लुदोविका म्हणाली, "तू मोल्दोवाची? माझ्या आजीला सांभाळायला बादान्ते ठेवलीय ना, ती तुमच्याकडचीच. बिचारी चांगली आहे, पण अशी चोरट्यासारखी वावरते! तुझे आईवडील काय करतात गं?"

"वडील नाहीत. आई दातांची डॉक्टर आहे. किशिनाऊला," सांदा म्हणाली.

जीभ एकदा घसरली की सावरता येते, पण दुसऱ्या दिवशी कायेतानने दाढदुखीवर उपाय विचारला आणि हिने आईच्या नावाने लवंगेचं तेल सांगून टाकलं. दाढ दुखायची थांबली. मग मागे फिरायची सोयच उरली नाही.

लुदोविका मनाने वाईट नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. तीही सांदाबरोबर मोऱ्या घासत होती. पण मिलानच्या मुलीने उन्हाळाभर मोऱ्या घासल्या तर तो अनुभव होतो. सांदाच्या आईने अकरा वर्षं घासल्या तर तिची जातच तीच ठरते. हे सांदाला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. तिला ते वासाने कळलं होतं.

आई, म्हणजे झिना, दर रविवारी फोन करायची. तिला गुरुवारी दुपारी आणि रविवारी सुट्टी असे, जशी इटलीतल्या सगळ्या अशा बायकांना असते. "या गुरुवारी येतेस का गं? बागेत बसतो आम्ही सगळ्या. तुला बघायचंय त्यांना."

"गुरुवारी सुट्टी नाही मिळत, आई."

सांदाची सुट्टी गुरुवारीच असायची. त्या गुरुवारांमध्ये तिने व्हेनिस पाहिलं, व्हेरोना पाहिलं, एकदा पहाटेची गाडी धरून त्रिएस्तेसुद्धा गाठलं. आई गाडीने दीड तासावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा. असे सहा गुरुवार गेले.

सातव्या गुरुवारी लुदोविकाने पादोव्हाची तिकिटं काढली. तिथलं जुनं, चित्रांनी भरलेलं चॅपल बघायला वेळ ठरवून घ्यावी लागते, आणि तिला ऑगस्टमधली वेळ नशिबाने मिळाली होती. सांदाने डोकं दुखतंय म्हणून पाहिलं, उकाड्याचं कारण काढलं. "चॅपलमध्ये थंड असतं," असं म्हणून लुदोविकाने तिला गाडीत ढकललं. सांदाने स्वतःची समजूत घातली, की एवढ्या मोठ्या शहरात कोण कुणाला भेटतं? शिवाय आई नुसतं 'बागेत' म्हणायची. बागा काय कमी आहेत?

चॅपलच्या आत त्यांना पंधरा मिनिटं मिळाली. सांदाने मान वर करून निळं छत पाहिलं आणि त्यातलं काहीच पाहिलं नाही. बाहेर आले तर चॅपलला लागूनच बाग. कायेतानने तिघांसाठी आइस्क्रीम आणलं आणि एका झाडाखाली गवतावर तो सरळ आडवा झाला.

दहा पावलांवर दोन बाकडी एकमेकांसमोर ओढलेली होती. त्यांवर पाच-सहा बायका बसल्या होत्या, सूर्यफुलाच्या बिया फोडत, टरफलं कागदात टाकत. मधे एक मोठी पिशवी. आवाज कानावर पडताच सांदाने तो ओळखला. तिची आई तिच्याकडे पाठ करून बसली होती.

"ए, त्या तुझ्याच भाषेत बोलतायत ना?" कायेतानने विचारलं.

"खेडवळ बोली आहे. मला नाही नीट कळत."

तिला शब्दन् शब्द कळत होता.

"सातवा गुरुवार, झिना!" एक जाडी बाई म्हणत होती. प्रोफिरा असणार ती. आईच्या फोनमधून सांदाला तिचा आवाज ओळखीचा झाला होता. "तुझी ती लेक आहे का पोप? भेटायला अर्ज करावा लागतो का गं?"

"गप बस, प्रोफिरा. मालक सुट्टीच देत नाहीत तिला. राबून राबून पोर अर्धी झाली असेल."

"माझा मुलगा बर्लिनहून येतो. समुद्र तर इथे परसात आहे, तिथून तुझ्या लेकीला येता येत नाही?"

"तुझा मुलगा तुझ्या हातचं गिळायला येतो. माझी शिकतेय. तिच्या जिवाला घोर आहे." झिनाने बिया झटकल्या आणि पिशवीत हात घातला. "चला, मी वाटून येते. पोळ्या गार झाल्या तर त्यांना काय चव लागणार?"

"काय म्हणतायत?" कायेतानने पुन्हा विचारलं.

"टोमॅटो महाग झालेत म्हणे," सांदा म्हणाली. आइस्क्रीम तिच्या मनगटावरून ओघळत होतं.

वाटून येते म्हणजे काय, हे तिला आता आठवलं. आठ ऑगस्ट. चार वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी तिचे वडील गेले होते. आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावाने खायला वाटतात, आणि ते परक्यांना वाटतात. रस्त्यावरचा, ओळख ना पाळख असा माणूस सगळ्यात चांगला. घेणाऱ्याने 'धन्यवाद' म्हणायचं नसतं. 'बोगदाप्रोस्ते' म्हणायचं असतं, देव त्याला क्षमा करो. तसं म्हटलं तरच ते त्या जिवाला पोचतं. लहानपणी एकदा सांदा चुकून 'धन्यवाद' म्हणाली तेव्हा मावशीने तिच्या हातातली पोळी काढून घेतली होती आणि नीट म्हणायला लावून मग परत दिली होती.

झिना बागेत वाटत निघाली. प्रत्येक प्लाचिंता, म्हणजे आमची पनीर भरून भाजलेली पोळी, तिने कागदी रुमालात गुंडाळली होती. कुत्रा फिरवणाऱ्या गृहस्थाने दुरूनच हात हलवला. बाळाची गाडी ढकलणाऱ्या बाईने घेतली नाही. एका म्हाताऱ्याने दोन मागितल्या. मग ती या झाडाकडे वळली. सांदाला उठून पळता आलं असतं. पण ती तशीच बसून राहिली.

"आम्हाला नको काही विकत," लुदोविका म्हणाली.

"विकत नाही, सिन्योरिना. माझ्या नवऱ्याच्या नावाने आहे. आज चार वर्षं झाली त्याला." झिनाचं इटालियन अजून तसंच जाडंभरडं होतं, पण परक्या मुलीला अदबीने सिन्योरिना म्हणायला ती चुकत नसे. तिने लुदोविकाला एक दिली, कायेतानला एक दिली, आणि तिसरी काढून समोर पाहिलं.

आईचं तोंड उघडलं. सगळा चेहरा उजळला. दोन वर्षांनी बघत होती ती लेकीला. नाव ओठांवर आलेलं सांदाला दिसलं, आणि तिने मान हलवली. अगदी एवढीशी, डावीकडून उजवीकडे. नाही.

एवढं पुरलं. आईचं तोंड मिटलं. तिने एकदा लुदोविकाच्या चपलांकडे पाहिलं, एकदा कायेतानकडे, आणि तिला सगळं उमगलं. पिशवीत परत हात घालून तिने हातातली ठेवली आणि दुसरी, मोठी काढली.

"घ्या, सिन्योरिना," ती आपल्या मुलीला म्हणाली.

"ग्राझ्ये," सांदा म्हणाली.

धन्यवाद म्हणाली ती. बापाच्या नावाने आईने दिलेल्या घासाला, परक्या बाईला म्हणावं तसं.

झिना बाकड्याकडे परतली. "कोण गं ती पोरगी? तिथे बराच वेळ उभी होतीस," प्रोफिराने विचारलं. "तोंडवळा तुझ्यासारखा वाटतोय."

"कुणी तरी पर्यटक आहे. भुकेली दिसली," झिना म्हणाली. मग तिने पिशवी आवरली. म्हातारीला औषध द्यायचंय म्हणाली. "पाचच तर वाजलेत!" असा गिल्ला मागे झाला, पण ती थांबली नाही.

"मस्त आहे गं," लुदोविका तोंडात घास घेऊन म्हणत होती. "तू खात का नाहीस?"

धरणी दुभंगावी आणि आत घ्यावं, असं माणसं म्हणतात. सांदाला तेवढीसुद्धा मागणी करायचं तोंड उरलं नव्हतं. इतके दिवस तिला आईची लाज वाटत होती. आता ती अख्खी लाज उलटून तिच्या अंगावर आली होती आणि कुठे ठेवावी ते तिला कळेना. ती उठली. "आलेच," म्हणाली, आणि ती पोळी हातात घेऊन फाटकाकडे धावली.

फाटकाबाहेर सिग्नलला झिना उभी होती.

"आई."

झिनाने वळून पाहिलं. डोळे पुसलेले होते, पण नीट पुसले गेले नव्हते. "किती काळवंडलीस गं!" ती आपल्या भाषेत म्हणाली. "उन्हात काही लावत नाहीस का अंगाला?"

"आई, मी..."

"असू दे. काय सांगितलंयस त्यांना माझ्याबद्दल?"

"दातांची डॉक्टर आहेस म्हणून."

"डॉक्टर!" झिना हसली, खरंखुरं हसली, आणि मग थांबली. "माझं सोड. मला काही वाटत नाही." ते खोटं होतं आणि खोटं बोलायची सवय तिला नव्हती. "पण बापासाठी तेवढं म्हणायला हवं होतंस, पोरी. तुझ्याकडून त्याला पोचलं असतं. तेवढा एक शब्द."

"म्हणते. आत्ता म्हणते." सांदाने पोळी छातीशी धरली. "बोगदा..."

"सांदा!" मागून हाक आली. लुदोविका आणि कायेतान फाटकातून बाहेर येत होते. "कुठे पळालीस?"

सांदा थबकली. एक श्वासभर, फार तर दोन. फक्त उरलेला अर्धा शब्द म्हणायचा होता. नाही तर नुसतं, ही माझी आई, एवढं.

तो श्वास झिनाने पाहिला. पाऊल मागे घेऊन ती परक्या बाईच्या अंतरावर गेली आणि मोठ्याने, त्या दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात, इटालियनमध्ये म्हणाली, "मोठ्या देवळात जायचंय ना, सिन्योरिना? चालत नका जाऊ, ऊन आहे. समोरून ट्राम मिळेल." दिवा हिरवा झाला. ती रस्ता ओलांडून गेली आणि पलीकडे पोचल्यावरही तिने वळून पाहिलं नाही.

लुदोविका धापा टाकत जवळ आली. "काय म्हणत होती ती बाई?"

सांदाने पलीकडच्या फुटपाथवर ती पिशवी शोधली. अजून दिसत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

"ट्रामने जा म्हणाली," सांदा म्हणाली.