न पेटवलेली उदबत्ती

धर्माशेठच्या ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पायऱ्यांवर चपलांचा ढीग पडला होता. पोरं खिडकीच्या गजांना लोंबकळत होती आणि आत बाया भिंतीला टेकून दाटीवाटीनं बसल्या होत्या. सगळ्यांच्या नजरा टेबलावरच्या संगणकाकडे. पडद्याला झेंडूचा हार, डब्याला हळदकुंकू, डब्याच्या मागच्या बाजूवर लाल कापड. आणि तो डबा रडत होता.

आधी घूंऽऽ असा बारीक सूर लागायचा. मग तो चढत जायचा, त्यात घरघर मिसळायची, आणि शेवटी कोणीतरी उशीत तोंड खुपसून आक्रोश करावा तसा आवाज यायचा. एका म्हातारीनं कानांवर पदर घेतला.

"ऐकलात ना?" डब्यामागं बसलेला दाढीवाला ओरडला. "हा काय पंखा हाय? पंखा वारा देतो. पंखा हुंदकं देतो का?"

हे मौननाथ महाराज. दुपारी आल्यापासून ते एक मिनिटही गप्प बसले नव्हते. आल्या आल्या त्यांनी टेबल फिरवून घेतलं होतं. पडदा पूर्वेला हवा, म्हणजे लोकांकडे. डब्याची पाठ त्यामुळे भिंतीकडे गेली, आणि भिंत आणि डबा यांच्यामध्ये महाराज.

"साधं भूत पिंपळावर ऱ्हातं. हे डिजिटल हाय, माऊली! वायरीतून शिरतं, पडद्यातून बघतं. पासवर्डला पन भीत न्हाय."

"मंग अँटीव्हायरस टाका की!" खिडकीतून कोणीतरी म्हणालं. थोडं हसू फुटलं.

"टाकला असंल. रडायचं थांबलं का?" महाराजांनी डोळे वटारले. हसू विरलं.

महाराजांनी एक उदबत्ती घेतली, कपाळाला लावली आणि हात लाल कापडाखाली नेला.

"बाय, तू मिठागरावर मेलेली का? हो असंल तं गप ऱ्हा!"

आवाज बंद. एकदम. मग कापड जरा हललं आणि रडणं पुन्हा सुरू झालं.

"तुना तरास कोन देतो? धर्मा?"

आवाज चालूच.

"त्याचा पोरगा? सुजित?"

चालूच.

"ही सून?"

आवाज बंद.

सुनेचं नाव रुचिता. ती पाण्याचे पेले घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं ताट हळूच खाली ठेवलं आणि आत गेली.

मी त्याच दाराजवळच्या कोपऱ्यात बसलो होतो. गर्दीत मला नीट बसता येत नाही. आयुष्यभर उरणच्या एका वाचनालयात पुस्तकं दिली आणि घेतली, तिथंही कोणी मोठ्यानं बोललं तर मीच गोंधळायचो. शेजारी म्हणून धर्माशेठच्या बायकोनं, ठमाबाईंनी, बोलावलं होतं, म्हणून गेलो. पण त्या कोपऱ्यातून इतरांना दिसत नव्हतं ते मला दिसलं. उदबत्ती कापडाखाली गेली तेव्हा पेटवलेली नव्हती. आणि आवाज बंद होण्याआधी 'टक्' असा अगदी बारीक आवाज झाला होता.

न पेटवलेली उदबत्ती कोण लावतं?

घरी आलो तरी चैन पडेना. पुस्तक उघडलं, मिटलं. चष्मा पुसला. गॅलरीत गेलो, आत आलो. मला संगणकातलं काय कळतं? वाचनालयातलं यंत्र एकदा असंच घुरघुरायला लागलं होतं आणि दुरुस्तीवाल्यानं ते उघडून साफ केलं होतं, एवढीच माझी विद्या. चुकलो तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. आणि बरोबर असलो तर? मग तर बोलावंच लागणार. त्या विचारानं तर जास्तच अस्वस्थ झालो.

धर्माशेठचा बाप मिठागरात राबला. आज त्याच खारजमिनीवर मातीचा भराव पडून घर उभं आहे, आणि बंदरातले कंटेनर वाहणारे ट्रेलर दारात लागतात. रुचिता तळा गावची, कॉमर्स शिकलेली. लग्न होऊन आली आणि ट्रेलरांचं सगळं काम तिनं या संगणकावर घेतलं. ठमाबाईंना सुनेचं कोण कौतुक! "ही मशीन म्हंजी आमची लक्ष्मी," म्हणून त्यांनी ती थेट देव्हाऱ्याखालच्या कोपऱ्यात बसवली. रोज सकाळी देवाला फूल तसं मशीनला फूल, देवाला हळदकुंकू तसं मशीनला, समोर उदबत्तीचा धूर. वरून क्रोशाचं झाकण.

पावसाळ्यानंतर मशीन रडायला लागली. तीही रुचिता कामाला बसली की. सुजित गाणी लावून बसला तर जवळजवळ गप्प. लोकांना एवढं पुरे होतं. भराव पडण्याआधी तिथं मिठागरात राबून मेलेल्या बायांची आठवण निघाली, आणि कोणीतरी महाराजांचं नाव सुचवलं.

जाताना महाराजांनी बजावलं होतं, "कापडाला हात लावाचा न्हाय. बाय झोपलीय." मशीन खरंच गप्प होती. पण दुसऱ्या दिवशी रुचिता कामाला बसली आणि थोड्याच वेळात पडदा काळा झाला. पुन्हा चालू केली, पुन्हा काळा. महाराजांचा निरोप आला: बाय कोपली. अमावास्येला मशीन मठात आणायची, आणि बाय शांत होईपर्यंत सुनेनं माहेरी राहायचं.

मी मागच्या दारी गेलो तेव्हा रुचिता विहिरीजवळ भांडी घासत होती.

"सूनबाई, ते कापड काढून बघितलंस का?"

"हात लावायची बंदी आहे, भाऊ."

मी चाचरत माझी शंका सांगितली. ती घासता घासता थांबली.

"म्हणजे पंखा अडकवलाय? म्हणूनच मशीन बंद पडते, तापून!" तिचे डोळे चमकले आणि लगेच विझले. "पण मी सांगून काय उपयोग? म्हणतील, आता बाय हिच्या तोंडून बोलायला लागली."

"सुजित?"

"ते म्हणतात, आईबापाचं मन मोडवत नाही. चार महिने जाऊन ये." ती हसली, पण ते हसू नव्हतं. "एकदा अशी गेले ना, भाऊ, की परत आले तरी मी तीच बाई. कपबशी फुटली तरी माझ्यामुळे. तुम्ही बोला ना. तुम्ही एवढं वाचलंय."

"मला बोलता येत नाही गं."

"मग बोलू नका. करून दाखवा."

अमावास्येच्या संध्याकाळी मशीन न्यायला महाराज स्वतःच आले आणि ओटी परत भरली. रुचिताची बॅग भरून दाराशी ठेवलेली. महाराजांनी कापडाखाली हात घातला, मशीन रडायला लागली, आणि त्यांची वाणी सुरू झाली: विद्युत-लहरी, स्मशान-लहरी, मेमरीत अडकलेला आत्मा. मी उठलो. बसलो. परत उठलो.

"म... मला एक प्रश्न विचारायचाय. बायला."

"आरं भाऊ!" धर्माशेठ चमकला. "तुमी पुस्तकातली मानसं. यात नका परू."

"एकच प्रश्न." मी देव्हाऱ्यातल्या पुड्यातून एक उदबत्ती काढली आणि डब्यामागं गेलो.

"हात लावशील तं जलून खाक होशील!" महाराज गरजले.

मी खाक झालो नाही. घामाघूम मात्र झालो. लाल कापड ओढून बाजूला टाकलं. मागच्या जाळीत गोल पंखा भिरभिरत होता.

"बाय," मी म्हणालो. आवाज फाटला, परत म्हणालो. "बाय, हे महाराज खरं बोलतात का? हो असेल तर गप्प राहा."

मशीन आक्रोश करत राहिली.

"मग खोटं बोलतात का?"

आणि उदबत्तीची काडी जाळीतून आत सरकवली. टक्. पंखा अडला. शांतता.

आधी खिडकीतलं पोरगं खिदळलं, मग सगळी ओटी. पण ठमाबाई हसल्या नाहीत. त्या उठून टेबलामागं आल्या.

"मना दे ती काडी."

त्यांनी काडी घातली. बंद. काढली. चालू. परत घातली. बंद. त्या काडीकडे बघत राहिल्या, मग महाराजांकडे वळल्या.

"आरं मेल्या, बाय बोलते कुठं? यो तं काडी धरनाराच बोलतो!"

"मुहूर्त बिघरला! नास्तिकाची सावली परली!" महाराज पायऱ्यांकडे धावले. पण त्या ढिगातून स्वतःच्या चपला शोधायला त्यांना बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ बायांनी त्यांना सोडलं नाही.

"महाराज, बायला इचारा की चपला कुठं हायत!"

शेवटी ते अनवाणीच गेले.

मशीन मात्र अजून रडत होती. धर्माशेठ खाली मान घालून म्हणाला, "काडीचा समजला. पन रडते ती का? आनि माझी सून बसल्यावरच का?"

मी काही बोलायच्या आत रुचिता पुढं झाली. तिनं मशीन बंद केली, वायर काढली, स्क्रू फिरवून डब्याची एक बाजू उघडली.

"आगं बाय माझी!" ठमाबाईंनी तोंडावर हात ठेवला.

आत जाड गोधडी बसली होती. धुळीची, पण नुसत्या धुळीची नाही. हळद, कुंकू, उदबत्तीची राख, झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या, आणि हे सगळं धुरानं चिकट होऊन पंख्याच्या पात्यांना, आतल्या धातूच्या पट्ट्यांना लिंपलं गेलेलं. पावसाळ्यातल्या खाऱ्या ओलीनं ते आणखी घट्ट केलं होतं.

"ही तं सगली माझी पूजा," ठमाबाई पुटपुटल्या.

"काम केलं की मशीन तापते, आई," रुचिता म्हणाली. "तापली की पंखा जोरात फिरतो, गरम हवा बाहेर टाकायला. गाणी वाजवायला तिला कष्ट नाहीत, म्हणून यांच्या वेळी ती गप्प. मी ट्रेलरांचं सगळं एकदम उघडते, तेव्हा तिला दम लागतो. त्यात नाक बुजलेलं, कोपऱ्यात हवा नाही, वर झाकण. मग ती ओरडणारच."

सुजित एवढा वेळ खांबाला टेकून उभा होता. तो आत गेला आणि रंगाचा कोरा ब्रश घेऊन आला. रुचितानं एका बोटानं पंखा धरून ठेवला, त्यानं हलक्या हातानं पातं न् पातं साफ केलं. डब्यातून निघालेलं वर्तमानपत्रावर ओतलं तेव्हा तो लाल-पिवळा ढीग बघायला माणसं रांग लावून आली. मग टेबल कोपऱ्यातून खिडकीशी आलं, मागं हातभर मोकळी जागा ठेवून. क्रोशाचं झाकण टीव्हीवर गेलं.

रुचितानं बटण दाबलं. सगळं काम एकदम उघडलं. आम्ही वाट बघत राहिलो. घूंऽऽ नाही, घरघर नाही. धर्माशेठनं वाकून डब्याला कान लावला.

"फिरतो ना पंखा?"

"फिरतो, बाबा. जाळीपुढं हात धरा, वारा लागेल."

त्यानं हात धरला. बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग दाराशी गेला आणि रुचिताची बॅग उचलून स्वतः आत घेऊन गेला.

आता ठमाबाई रोज सकाळी देव्हाऱ्यापुढं उदबत्ती लावतात, देवापुढंच. मशीनवर त्या दर रविवारी सुजितला ब्रश मारायला लावतात. परवा मला म्हणाल्या, "भाऊ, देवाला धूर, मशीनीला वारा." मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

तरी एक सांगतोच. मी धीट माणूस नाही, आणि मला फार काही कळतं असंही नाही. पण त्या दिवशी ओटीवर एवढी माणसं होती, डोळस, कमावती, शिकलेली, आणि सगळी समोर बसून पडद्याकडे बघत होती. उद्या तुमच्या गावात एखादी मूर्ती दूध प्याली, एखादी भिंत बोलली, एखादं यंत्र रडलं, आणि त्याचा दोष कोणाच्या लेकीसुनेवर आला, तर नमस्कार करायला खुशाल जा. पण त्याआधी उठा आणि एकदा मागच्या बाजूला जाऊन बघा.