लाखोळीची एक मूठ

मी एक जुने जाते आहे. खरे सांगायचे तर अर्धेच. जात्याला दोन तळ्या, म्हणजे दोन गोल दगड, असतात. खालची जागेवर बसून राहते, वरची तिच्यावर फिरते. मी खालची. माझी वरची तळी भिंतीच्या पलीकडे आहे. तिच्यावर कपडे आपटल्याचा आवाज मला रोज सकाळी ऐकू येतो. मित्रांनो, आम्ही दोघी एका दगडातून निघालो होतो. मग असे कसे झाले, ते सांगते. गोष्ट गोड नाही, पण तुमच्याच वयाच्या एका मुलीची आहे, म्हणून ऐका.

पाथरवटाने आम्हाला घडवले आणि प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत विकायला मांडले. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या, तलावाकाठच्या एका गावची म्हातारी आली. तिने बोटाने माझ्या टाक्या, म्हणजे दळायच्या बाजूवर छिन्नीने पाडलेल्या खाचा, चाचपून बघितल्या, घासाघीस केली आणि बैलगाडीत धानाच्या तणसीवर निजवून आम्हाला घरी आणले. आल्याबरोबर हळदकुंकू लावले. त्या घरात मी तांदूळ दळले, लाखोळीची डाळ भरडली, लग्नांची हळद दळली. म्हातारी गेली आणि तिच्या दोन सुना माझ्या दोन अंगांना बसू लागल्या. थोरल्या गोवर्धनची देवकाबाई आणि धाकट्या जागेश्वरची सुशिलाबाई. एका खुंट्यावर दोघींचे हात.

"सुशिले, जोर लाव ना वं! सकाळी जेवली नाहीस काय?"

"जेवली ना, बाई. पण तुमच्यासारखी देवाची ताकद नाही ना माझ्या अंगात!"

आणि दोघी इतक्या हसायच्या की पीठ सांडायचे. देवकाबाई खरोखरच देवाची बाई होती. तुळशीला पाणी घातल्याशिवाय ती स्वतः पाण्याचा घोट घेत नसे. तिच्या पोटी लेकरू नव्हते. सुशिलाबाईची डिंपल मात्र तिलाच चिकटलेली असायची. मोठ्या आईच्या हातून जेवायची, मोठ्या आईच्या कुशीत झोपायची.

साल १९९९. देवकाबाईने लेकरासाठी सोळा सोमवार धरले होते. तेरा निर्विघ्न झाले. चौदावा आला कार्तिकात, धानकापणीच्या दिवसांत. आदल्या दुपारीच तिने मला धुऊन पुसून कोरडे केले आणि वर स्वच्छ फडके टाकले. पहाटे उपासाचे शिंगाडे दळायचे होते ना. मग ती शेतावर गेली.

मित्रांनो, त्या दुपारी घरात डिंपल एकटी होती. सात वर्षांची. तिने फडके काढले. टोपलीतून लाखोळीची एक मूठ घेतली, जात्याच्या तोंडात टाकली आणि मोठ्या आईसारखे गुणगुणत जाते फिरवले. दोन-तीन फेऱ्या झाल्या, खेळ संपला. फडके होते तसे टाकून ती पळाली. पीठ माझ्या टाक्यांत अडकून राहिले.

पहाटेच्या अंधारात देवकाबाईला ते दिसले नाही. दुपारी फराळाची भाकर तिने मोडली आणि पहिल्याच घासाला तिचा हात थांबला. लाखोळीची चव काही लपत नाही. घास तर गिळून झाला होता. उपास मोडला होता.

"सुशिले, काऊन केलीस असं?"

"काय केली मी?"

"काल जातं पुसून ठेवली होती ना मी! कायले डाळ भरडलीस त्याच्यावर?"

"म्या हातबी नाही लावला, बाई. तुमच्या गळ्याची आण."

"तू नाही, मग का जात्यानंच डाळ खाल्ली? तुले नाहीच पाहवत माझं काही चांगलं होताना."

एवढ्यावर थांबली असती तर बरे झाले असते. पण खोटा आळ आला की माणसाची जीभ सुटते. सुशिलाबाई म्हणाली, "देवाले द्याचंच असतं, त पहिल्याच सोमवारी दिलं असतं. माझ्यावर कायले ढकलता?"

देवकाबाईने ताट सरकवले आणि आत जाऊन दार लावले.

डिंपल दाराआड उभी होती. तिच्या फ्रॉकवर लाखोळीच्या पिठाचे पिवळसर बोट अजून दिसत होते. तिने तोंड उघडले आणि मिटले. मला वाचा असती तर त्याच वेळी बोलले असते. ती उद्या सांगणार होती. पण एक दिवस गेला की सांगणे एका दिवसाने जड होते, हे तिला कोणी शिकवले नव्हते. पंधरावा सोमवार देवकाबाईने धरलाच नाही.

मग अबोला. देवकाबाईने अनेक व्रते केली, पण अबोल्याइतके कडक एकही पाळले नाही. एकादशीला ती साबुदाण्याचे चार दाणे तरी तोंडात टाकायची. सुशिलाबाईला तिने चार शब्दही दिले नाहीत. सुशिलाबाईही कमी नव्हती. आपले बोलणे लागले हे तिला कळत होते, पण "पहिले त्यायनं म्हणावं, आळ खोटा होता" एवढेच धरून बसली. वर्षभरात भावांनी वाटण्या केल्या. धानाची बांधी, बैल, भांडी, सगळे निमूट वाटले गेले. राहिले मी.

"जातं माझं. सासूनं माझ्या हाती दिलं," देवकाबाई म्हणाली.

"म्या का नुसती पाहत बसली होती? मीबी दळली," सुशिलाबाई.

गावातले बकारामभाऊ पंच म्हणून बसले होते. ते म्हणाले, "अगा, एकीनं जातं घ्या, एकीनं उखळ घ्या. दगडासाठी कायले भांडून राहिले?"

कोणी ऐकेना. शेवटी जागेश्वर चिडून उठला, वरची तळी दोन्ही हातांनी उचलली आणि चालू लागला. "घ्या, झाली वाटणी!" कोणाला हसू आले नाही. अर्धे जाते कोणाच्याच कामाचे नाही, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना माहीत होते. तरीही कोणी त्याला अडवले नाही.

अंगणात भिंत आली. पलीकडे वरची तळी न्हाणीत पालथी पडली, दळायची बाजू वर. तिच्यावर साबण आणि कपडे. मला देवकाबाईने तुळशीच्या कुंडीखाली ठेवले. रोज पहाटे ती नामस्मरण करत तुळशीला पाणी घालते आणि ते पाणी माझ्यावरून ओघळते. लोकांना वाटेल, केवढे भाग्य! देवाजवळ जागा मिळाली. पण मित्रांनो, माझ्या टाक्यांत शेवाळ धरले. ज्या भिंतीआड ती व्रत करते, त्याच भिंतीपलीकडे डिंपल शाळेत जाताना मान खाली घालून जायची. तिला हाक मारायची नाही, हेही आता व्रतच झाले होते.

२००८ साली गावात तंटामुक्तीचे वारे आले. गावातले तंटे मिटले तर गावाला बक्षीस होते. बकारामभाऊ समितीचे अध्यक्ष झाले आणि कागद घेऊन आमच्या अंगणात आले.

"वहिनी, इथं सही करा. तारीख जवळ आली."

"भाऊ, पण त्या सोमवारी काय झालं, ते त..." देवकाबाई म्हणू लागली.

"जुनं कायले उकरता? मिटलं म्हणा ना, झालं."

दोघींनी सह्या केल्या. दोघींनी एकमेकींच्या हातावर पेढा ठेवला, फोटो निघाला. फोटोवाला गेल्यावर देवकाबाईने तो पेढा तुळशीजवळ, माझ्या कडेला ठेवला. मुंग्यांनी नेला. गावाच्या वेशीवर तंटामुक्तीची पाटी लागली. ती मला दिसत नाही. मला दिसते ती भिंत.

मग २०१० मध्ये डिंपलचे लग्न ठरले. हळद घरच्याच जात्यावर दळायची, ही त्या घराची रीत. आणि जाते तर दोन घरांत. लग्नाच्या दोन दिवस आधी डिंपल एकटीच आमच्या अंगणात आली. भिंत आल्यापासून पहिल्यांदाच.

"मोठी आई, खालची तळी पाहिजे होती. हळदीले."

देवकाबाई वाती वळत होती. मान वर केली नाही. डिंपल माझ्याजवळ खाली बसली आणि रडू लागली.

"मोठी आई, ते लाखोळी म्या टाकली होती. खेळताना. आईनं नाही टाकली. मी रोज सांगीन म्हणत होती."

वातीवरचा हात थांबला. मग देवकाबाई अगदी हळू म्हणाली, "लहान होतीस, पोरी. त्याच दिवशी सांगितली असतीस, त एक धपाटा दिला असता, आन् जवळ घेऊन झोपली असती."

तिने स्वतः कुंडी उतरवली, मला धुतले आणि गोवर्धनच्या हाताने पलीकडे पोचवले. तीही आली. आम्हा दोघींना एकमेकींवर बसवले, नवा खुंटा ठोकला. दोन जावा दोन अंगांना बसल्या. हळकुंडे टाकली. मला वाटले, आता सगळे ठीक होईल.

पण दळले गेले नाही. साबणाने वरचीच्या टाक्या झिजून गेल्या होत्या, माझ्या शेवाळाने बुजल्या होत्या. आम्ही नुसत्या एकमेकींवरून घसरत होतो. हळकुंडे होती तशी बाहेर आली. खुंट्यावर दोन्ही हात होते, पण "चुकलं माझं" हे दोघींपैकी एकीनेही म्हटले नाही. डिंपल एकीच्या तोंडाकडे बघायची, मग दुसरीच्या.

"जा गं, दुकानातून हळदीची पुडी आण," सुशिलाबाई कोणाला तरी म्हणाली. देवकाबाईने हात काढून घेतला.

डिंपल सासरी गेली. वरची तळी पुन्हा न्हाणीत गेली, मी तुळशीखाली आले.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. चूक झाली तर त्याच दिवशी, दिवा लावायच्या आत, सांगून टाका. आणि घरातली मोठी माणसे अबोला धरून बसली, तर त्यांना विचारा की नेमके झाले काय. सह्या मागू नका, पेढे देऊ नका. आधी विचारा. आणि त्यांचे पुरते ऐकून घ्या.

माझे म्हणाल, तर मी काही वाया गेलेली नाही. दगड आहे. टाकी मारून खाचा पुन्हा पाडल्या की दळीन. दर वर्षी उन्हाळ्यात टाकीवाला गल्लीतून ओरडत जातो, "जातं टाकवून घ्याऽऽ!" भिंतीच्या अलीकडे देवकाबाईची जपमाळ थांबते. पलीकडे कपडे आपटायचे थांबतात. दोघी ऐकत असतात, आधी कोण हाक मारते ते.

टाकीवाला पुढच्या गल्लीत जातो.